खाटेभोवतीची माणसे
(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

'शुश्रूषा' हा शब्द आपण आजाऱ्याची सेवा या अर्थाने सहज वापरतो. पण तो 'श्रु' म्हणजे ऐकणे या संस्कृत धातूपासून आला आहे आणि त्याचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. ज्याचे ऐकायचे त्याच्याजवळ राहावे लागते आणि जवळ राहिले की सेवा ओघानेच येते. अशा पायऱ्यांनी तो शब्द रुग्णाच्या खाटेपर्यंत आला. हा मूळ अर्थ श्रोत्यांनी थोडा वेळ लक्षात ठेवावा, पुढे तो उपयोगी पडणार आहे.

आजचा विषय आहे बरा न होणाऱ्या रुग्णाची काळजी आणि ती करणाऱ्या माणसांचा आपापसातला मेळ. इंग्रजीत या सेवेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. लॅटिनमध्ये 'पॅलियम' म्हणजे अंगावर घ्यायचा झगा, त्यावरून हा शब्द आला. मराठीत परिहारक सेवा, उपशामक उपचार असे शब्द सुचवले गेले आहेत, पण दवाखान्यात गेलात तर तुमच्या कानावर पॅलिएटिव्ह हाच शब्द पडेल, म्हणून मीही तोच वापरतो.

आपल्याकडे या विचाराची एक जुनी बाजू आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या नवव्या अध्यायात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रोगी. प्रत्येकाचे चार-चार गुण दिले आहेत. परिचारकाला उपचारांचे ज्ञान हवे, हात चलाख हवा, रोग्याविषयी माया हवी आणि स्वच्छता हवी. रोग्याचाही एक गुण मोठा विचार करण्यासारखा आहे. आपल्याला काय होते आहे ते त्याला सांगता यायला हवे. म्हणजे रोगी हा नुसता उपचार करून घेणारा नाही, तोही कामकऱ्यांपैकीच एक. मात्र या चौघांत मुख्य कोण, तर वैद्य. कुंभारच नसेल तर माती, चाक, काठी काय कामाची, असा दाखलाही तिथे दिला आहे.

इथपर्यंत सगळे ठीक. पण लगेच पुढच्या, दहाव्या अध्यायात साध्य आणि असाध्य रोगांचा विचार येतो आणि असाध्य रोगाला हात घालणाऱ्या वैद्याच्या पैशाची, विद्येची आणि कीर्तीची हानी होते, असा इशारा दिला जातो. त्या काळच्या वैद्याच्या दृष्टीने ते व्यवहाराचे बोलणे होते. रोग असाध्य ठरला की चार पायांतला पहिला पाय काढून घेतला जातो. कुंभार उठून जातो. मागे उरतात रोगी आणि त्याचा परिचारक, औषध असले तर असले. ही गोष्ट चरकाच्या काळी संपली असती तर आज त्यावर बोलण्याचे कारण नव्हते. 'आता घरी न्या, सेवा करा' हे वाक्य आपल्यातल्या बहुतेक घरांनी कधी ना कधी ऐकलेले आहे.

या वाक्याचा प्रवास कसा होतो ते पाहू. पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेला लोणी हे गाव आहे. पश्चिमेला भीमाशंकरच्या बाजूला धो धो पाऊस आणि या बाजूला पावसाची वाट पाहणारी शेती. जुन्नर-आंबेगावच्या माणसांचे मुंबईशी नाते जुने. कोणी गिरणीत, कोणी मशीद बंदरच्या गोदामात माथाडी, कोणी भाजीबाजारात. मुंबईचे प्रसिद्ध डबेवाले तर मुख्यतः खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ याच पट्ट्यातले. त्यामुळे परळ हे या गावांना परके नव्हते. गिरण्यांच्या भोंग्यांच्या टापूतच १९२६ साली केईएम रुग्णालय उभे राहिले आणि १९४१ साली टाटा मेमोरियल. गावाकडे कोणाला गाठ आली, गिळता येईना झाले, की परळच्या चाळीतल्या नातेवाइकाच्या खोलीवर मुक्काम ठोकून टाटाच्या रांगेत उभे राहायचे. खोली नसेल तर दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा. महिनोन्महिने उपचार व्हायचे. काही बरे होऊन परत यायचे. बाकीच्यांना ते वाक्य मिळायचे आणि रुग्ण गावी यायचा. परळला त्याच्याभोवती शल्यविशारद, किरणोपचाराचे डॉक्टर, सिस्टर, औषधवाले अशी वीसेक माणसे होती. लोणीत खाटेजवळ एकटी बायको किंवा सून, आणि उशाशी गोळ्यांची प्लॅस्टिकची पिशवी.

डबेवाल्यांचा उल्लेख आला म्हणून सांगतो. डबा घरातून निघून कचेरीत पोचेपर्यंत चार-पाच हात बदलतो. प्रत्येक जण झाकणावरची खूण पाहतो आणि पुढच्याकडे देतो. रुग्णही असाच हातोहात पुढे दिला जातो. त्याच्या झाकणावर मात्र खूण नसते. काय झाले, काय देऊन झाले, पुढे काय होणार, कोणाला फोन करायचा, हे पुढच्या हाताला कळत नाही. पॅलिएटिव्ह केअरचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी ही खूण कशी तयार झाली त्याचा इतिहास आहे.

तो सांगताना लंडनच्या सिसिली साँडर्स यांना टाळून पुढे जाता येत नाही. या बाई १९१८ साली जन्मल्या. युद्धकाळात त्या परिचारिका झाल्या, पण पाठीच्या दुखण्याने ते काम सोडावे लागले. मग त्या रुग्णालयात समाजसेविका म्हणून परत आल्या. तिथे त्यांना डेव्हिड टास्मा नावाचा पोलंडमधून आलेला ज्यू निर्वासित भेटला. त्याला कर्करोग होता, जवळचे कोणी नव्हते. १९४८ साली तो गेला आणि जाताना साँडर्स यांच्या नावे पाचशे पौंड ठेवून गेला. मरणाऱ्या माणसांसाठी जे घर तुम्ही बांधणार आहात त्यातली एक खिडकी माझी, अशी त्यामागची भावना होती.

त्यानंतर त्या संध्याकाळी सेंट ल्यूक नावाच्या, मृत्यूच्या वाटेवरच्या रुग्णांसाठी असलेल्या एका संस्थेत स्वयंसेवक परिचारिका म्हणून जाऊ लागल्या. तिथे एक साधी गोष्ट त्यांच्या लक्षात आली. मोठ्या रुग्णालयांत रुग्ण ओरडायला लागल्यावर वेदनाशामक मिळे. इथल्या परिचारिका मात्र दुखणे उठण्याची वाट न पाहता घड्याळ लावून औषध देत आणि रुग्ण शांत असत, जागेही असत. आज जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत 'घड्याळाप्रमाणे औषध' हा नियम छापलेला असतो. तो कुठल्या प्रयोगशाळेत नव्हे, परिचारिकांच्या रोजच्या कामात आधी सापडलेला आहे. ज्यांनी तो पाळला त्यांना तो शोध आहे हेही ठाऊक नसावे.

साँडर्सना या रुग्णांसाठी काम करायचे होते. त्यांनी ज्या शल्यविशारदाकडे काम केले त्याने त्यांना सल्ला दिला की, तुम्ही आधी डॉक्टर व्हा. नाहीतर तुमचे कोणी ऐकणार नाही आणि मरणाऱ्या रुग्णांना सोडून जातात ते डॉक्टरच. सल्ला खरा होता आणि कडूही. परिचारिकेला जे दिसत होते ते ऐकून घेण्यासाठी तिला आधी डॉक्टरचा कोट घालावा लागला. पस्तिशीकडे झुकलेल्या वयात त्या वैद्यकीच्या वर्गात बसल्या, १९५७ साली डॉक्टर झाल्या, आणि १९६७ साली लंडनच्या दक्षिण भागात त्यांचे सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उघडले. टास्माची खिडकी त्यात आहे. २००५ साली त्या वारल्या त्याही तिथेच.

परिचारिका, समाजसेविका आणि डॉक्टर अशी तिन्ही कामे त्यांनी केलेली होती. म्हणूनच बहुधा त्यांना 'समग्र वेदना' ही कल्पना सुचली. दुखणे शरीराचे असते, तसेच मनाचे असते, घरच्या काळजीचे असते आणि 'माझ्याच वाट्याला हे का' या प्रश्नाचेही असते. हे सगळे एकमेकांत गुंतलेले असते. शेतावर कर्ज आहे, मुलगी लग्नाची आहे, अशा माणसाची हाडातली कळ नुसत्या गोळीने पुरती थांबत नाही. मग एकटा डॉक्टर पुरेल कसा? इथे अनेकांनी मिळून काम करणे ही सभ्यतेची गोष्ट राहत नाही, उपचाराचीच गरज होते. माझ्या मते साँडर्स यांची खरी देणगी हीच आहे, इमारत नव्हे.

हे बोलणे हवेत राहू नये म्हणून मॉर्फिनचे उदाहरण घेऊ. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायचे मॉर्फिन हे स्वस्त आणि खात्रीचे औषध आहे. साधी गोळी दर चार तासांनी द्यावी लागते. मात्रा डॉक्टर ठरवतो. पण ती पुरली की नाही हे रात्री दोन वाजता जागी असलेल्या माणसाला कळते, म्हणजे सिस्टरला किंवा घरी सुनेला. मॉर्फिनने शौचाला हमखास कडक होते, म्हणून त्यासोबत रेचक द्यावेच लागते. ते दिले नाही तर चार-पाच दिवसांनी पोट इतके दुखते की रुग्ण म्हणतो, 'ही गोळीच नको.' आता रुग्णाला पोट साफ झाले का, हे विचारते कोण? पुष्कळदा वॉर्डातली मावशी. तिने ते सिस्टरला सांगितले, सिस्टरने डॉक्टरला सांगितले आणि डॉक्टरने ते कान देऊन ऐकले, तरच जगातले उत्तम वेदनाशामक उपयोगी पडते. या साखळीतला एक दुवा तुटला की औषध असून नसल्यासारखे.

दुसरे उदाहरण जखमेच्या वासाचे. तोंडाच्या किंवा स्तनाच्या कर्करोगात जखम उघडी पडते आणि तिला असह्य दुर्गंधी येते. शेजारी येईनासे होतात, नातवंडांना दूर ठेवतात आणि रुग्ण जिवंतपणीच एकटा पडतो. मेट्रोनिडॅझोल नावाच्या साध्या गोळीची पूड जखमेवर टाकली की वास पुष्कळ कमी होतो. ही पूड टाकून ड्रेसिंग कसे करायचे हे परिचारिका घरच्या बाईला एकदा बसून शिकवते. खर्च काही रुपयांचा, आणि नातवंडे परत खाटेजवळ येतात. हा उपचार वैद्यकीय म्हणावा की सामाजिक, हे मला सांगता येणार नाही.

आता आपल्या देशाकडे येऊ. १९८५ आणि १९८६ ही दोन वर्षे एकमेकांना चिकटून आहेत आणि दोन्हींनी एकमेकांच्या उलट काम केले. १९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची शिडी जाहीर केली. खाली साध्या गोळ्या, मधे कोडीनसारखे सौम्य औषध आणि वरच्या पायरीवर मॉर्फिन. त्याच वर्षी टाटा रुग्णालयातले शल्यविशारद डॉ. लुईस डिसोझा यांच्या पुढाकाराने मुंबईत वांद्र्याला 'शांती अवेदना' ही संस्था सुरू झाली. भारतातले हे पहिले हॉस्पिस. कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांना तिथे पैसे न घेता ठेवले जाते आणि शुश्रूषेची मदार जोगिणींवर, म्हणजे ख्रिस्ती धर्मभगिनींवर आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्या माणसाने असे घर काढावे याला महत्त्व आहे. उठून गेलेला कुंभार परत येऊन बसला, असे म्हणता येईल. पुढे याच संस्थेची घरे गोव्यात आणि दिल्लीत झाली.

पण आदल्याच वर्षी, १९८५ मध्ये, संसदेने अमली पदार्थांविरुद्धचा कडक कायदा केला होता. हेतू चांगला होता. मात्र त्याच्या जाळ्यात औषधी मॉर्फिनही सापडले. राज्याराज्यांचे नियम निराळे, एकाच साठ्यासाठी चार-पाच परवाने, त्यांच्या मुदती वेगवेगळ्या, आणि चूक झाली तर दहा वर्षांच्या सक्तमजुरीची टांगती तलवार. औषध दुकानदारांनी मॉर्फिन ठेवणे सोडले, डॉक्टरांनी लिहिणे सोडले. त्यानंतर शिकलेल्या डॉक्टरांच्या एका पिढीने ते वापरलेच नाही. नीमच आणि गाझीपूर इथे सरकारचे अफूचे कारखाने, जगाला औषधी अफू पुरवणारा आपला देश, आणि १९९७ साली सबंध देशाचा मॉर्फिनचा वापर अवघा १८ किलोंच्या आसपास! हा कायदा २०१४ साली दुरुस्त झाला. काही औषधांना 'अत्यावश्यक' ठरवून परवान्याचे काम राज्याच्या औषध नियंत्रकाकडे एकाच ठिकाणी आणले गेले.

मेळाची गोष्ट निघते तेव्हा आपण डॉक्टर आणि सिस्टर यांच्याबद्दल बोलतो. तीस वर्षांचा हा अनुभव सांगतो की त्या मेळात औषधाच्या दुकानातला फार्मासिस्ट आणि परवान्याच्या टेबलावरचा कारकूनही धरावे लागतात. कागद पुढे सरकला नाही म्हणून माणसे तळमळली. त्या टेबलावरच्या माणसाने रुग्ण कधी पाहिला नाही आणि रुग्णाने ते टेबल.

महाराष्ट्रात याच काळात दोन ठिकाणी घडी बसत गेली. टाटा रुग्णालयात १९९६ पासून पॅलिएटिव्ह उपचारांचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. डॉ. मेरी ॲन मुकादेन यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. २०१२ साली या विषयातले एम. डी. चे शिक्षणही टाटात सुरू झाले. आणि १९९७ साली पुण्याला वारज्यात 'सिप्ला'च्या मदतीने पॅलिएटिव्ह केअर केंद्र निघाले. तिथे डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक, भौतिकोपचार करणारे असे सगळे असतात. रुग्णासोबत घरचे माणूस राहते, शिकते आणि मग घरी जाते. ही शेवटची गोष्ट लोणीसारख्या गावाच्या दृष्टीने फार मोलाची. कारण कुठल्याही केंद्राच्या खाटा संपतात, घरची खाट संपत नाही.

या कामात कटकटीही खूप आहेत, त्या लपवू नयेत. सगळ्यात अवघड कटकट खरे सांगण्याची. आपल्याकडे थोरला मुलगा डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हणतो, 'बाबांना काही सांगू नका, खचतील.' बाबा रात्री सिस्टरला विचारतात, 'खरं सांगा सिस्टर, मला काय झालंय?' सिस्टर म्हणते, 'डॉक्टरांना विचारा.' डॉक्टर म्हणतात, 'बघू या, गोळ्या चालू ठेवा.' मावशी म्हणते, 'देवावर भरवसा ठेवा.' भौतिकोपचार करणारी मुलगी म्हणते, 'महिन्याभरात चालायला लागाल.' एका दिवसात एका माणसाला चार उत्तरे मिळतात आणि त्यावरून त्याला सगळे कळते. शिवाय आपल्याला फसवले जात आहे हेही कळते. म्हणून चांगल्या केंद्रात सगळे जण एकत्र बसतात. कोणत्या रुग्णाला किती ठाऊक आहे, त्याला किती जाणून घ्यायचे आहे, कोण बोलणार, हे ठरवतात. त्या बैठकीत डॉक्टरची खुर्ची मोठी असली की बाकीचे गप्प बसतात. आपली रुग्णालये पदांच्या उतरंडीवर चालतात. सिस्टरने मोठ्या डॉक्टरांसमोर 'सर, ही मात्रा पुरत नाही' म्हणणे हे अजूनही धाडसाचे काम आहे. बदली, जागा रिकाम्या, रात्रपाळीला एक सिस्टर आणि चाळीस खाटा, ही आणखी कारणे. त्यांच्यावर भाषणाने उपाय होत नाही.

शुश्रूषा करणाऱ्यांचे ऐकले जाणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण पुन्हा परळचेच आहे. अरुणा शानबाग या केईएममधल्या परिचारिका. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयातल्या एका सफाई कामगाराने त्यांच्यावर अमानुष हल्ला केला. मेंदूला इजा झाली आणि त्या पुन्हा उठल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या. मधली जवळजवळ ४२ वर्षे केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. ज्या मैत्रिणींनी सुरुवात केली त्या निवृत्त झाल्या. मग अशा मुली आल्या ज्या त्या घटनेच्या वेळी जन्मल्याही नव्हत्या. भरवणे, पुसणे, कूस बदलणे हे काम पाळीमागून पाळी पुढे जात राहिले. इतकी वर्षे अंथरुणात असून पाठीला जखम नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयानेही घेतली. हा रुग्ण काही कर्करोगाचा अखेरचा रुग्ण नव्हता, त्यामुळे काटेकोर व्याख्येत हे प्रकरण बसते की नाही यावर वाद घालता येईल. पण बरे होण्याची आशा संपल्यावर काय करायचे, या प्रश्नाचे इतके दीर्घ उत्तर दुसरीकडे क्वचितच मिळेल.

२००९ साली लेखिका पिंकी विराणी यांनी अरुणा यांना या अवस्थेतून सोडवावे अशी याचिका केली. त्यांच्या कळकळीबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. न्यायालयाने तीन डॉक्टर नेमले : एक भूलतज्ज्ञ, एक मेंदूविकारतज्ज्ञ, एक मनोविकारतज्ज्ञ. त्यांनी तपासले, आणि वॉर्डातल्या परिचारिकांकडूनही समजून घेतले. अरुणा यांना मासे आवडतात, अनोळखी गर्दी झाली की त्या अस्वस्थ होतात, हे खाटेजवळचे ज्ञान अशा रीतीने देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने तत्त्व म्हणून ठराविक अटींवर उपचार थांबवण्यास वाट दिली, पण अरुणा यांच्याबाबतीत नकार दिला. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार विराणींचा नव्हे, इतकी वर्षे सांभाळणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा, असे न्यायालयाने मानले. रक्ताचे नाते नसलेल्या, पाळीपाळीने येणाऱ्या माणसांच्या गटाला न्यायालयाने सख्ख्याचा मान दिला. त्या निकालाची चर्चा दयामरणाच्या अंगाने फार झाली, या अंगाने फारशी झाली नाही.

पुढे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला. शेवटच्या काळात काय करावे आणि काय करू नये हे आधी लिहून ठेवण्याची सोय झाली. तिची पद्धत २०२३ साली बरीच सोपी करण्यात आली. त्यातही निर्णय एकट्या डॉक्टरवर सोपवलेला नाही, डॉक्टरांच्या दोन मंडळांनी तो घ्यायचा आहे.

हे सारे शहरात झाले. गावात खाटेभोवती माणसे कशी जमवायची? याचे उत्तर महाराष्ट्राने दुसऱ्या कामात फार पूर्वी दिलेले आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या, पुष्कळदा निरक्षर, बायकांना आरोग्यसेविका केले. लोणीपासून फार लांब नाही त्या शिरूर तालुक्यातल्या वढू इथे डॉ. बानू कोयाजी यांनी पुण्याच्या केईएमतर्फे १९७० च्या दशकात गावातल्याच माणसांना शिकवून तयार केले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्याकडे शिकलेल्या गावातल्या बायकांनी नवजात बाळांना घरीच तपासले आणि जंतुसंसर्गावर इंजेक्शनेही दिली. त्याने अर्भकमृत्यू किती कमी झाले याचा अहवाल १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. जन्माच्या खाटेशी जी बाई एवढे करू शकते, ती शेवटच्या खाटेशी उभी राहू शकणार नाही, असे मानायला आधार नाही.

केरळने ते करून दाखवले. १९९३ साली कालिकतच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाची संस्था काढली. पुढे मलप्पुरम भागात गावोगावचे शेजारीच स्वयंसेवक झाले. परिचारिका जीपने घरोघरी जाऊ लागली, आणि २००८ साली राज्याने धोरण करून हे काम पंचायतींशी जोडले. डॉक्टर सगळ्यांच्या शेवटी येतो आणि लागला तरच येतो. शेजारी रोज येतो.

आपल्याकडे केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ साली आला, महाराष्ट्रानेही त्याच सुमारास धोरण स्वीकारले. २०१८ पासून उपकेंद्राच्या पातळीवर ज्या सेवा द्यायच्या ठरल्या त्यांत पॅलिएटिव्ह सेवा आहे. कागदावरची रचना चांगली आहे : आशाताईने असे रुग्ण हेरायचे, आरोग्यसेविका आणि समुदाय आरोग्य अधिकारी यांनी घरी जायचे, अडले तर प्राथमिक केंद्र, मग मंचरसारखे उपजिल्हा रुग्णालय. ही साखळी नवी नाही, तिच्यात काम करणारी माणसे नवी आहेत. जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी पट्ट्यात 'पडकई'ची पद्धत आहे. एकाच्या भातखाचराचा बांध घालायला सगळे येतात, मग दुसऱ्याच्या. पूर्वेकडे इर्जिक घालतात, सगळ्यांच्या बैलजोड्या एकाच्या शेतात उतरतात. तिथे मुकादम नसतो, पण कोणी कुठला तास धरायचा ते प्रत्येकाला ठाऊक असते. आशाताईच्या हाती डझनभर कामे आणि कामागणिक मोजका मोबदला असताना तिच्याकडून हेही काम अपेक्षायचे, तर तिचा मोबदला आणि तिचे प्रशिक्षण यांचा विचार आधी व्हायला हवा.

तोवर ज्यांच्या घरी आज असा रुग्ण आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. परळहून किंवा पुण्याहून 'घरी न्या' असे सांगितले जाईल तेव्हा लगेच गाडी ठरवू नका. पॅलिएटिव्ह विभाग आहे का ते विचारा आणि निघण्यापूर्वी तिथे जाऊन या. कोणती गोळी किती वाजता, दुखणे वाढले तर जादा किती, शौचासाठी काय, हे मराठीत लिहून घ्या. रात्री फोन कोणाला करायचा तो नंबर त्याच कागदावर घ्या. ड्रेसिंग आणि कूस बदलणे जो माणूस घरी करणार आहे त्यालाच सिस्टरसमोर उभे करा, भलत्याला नव्हे. गावी आल्यावर आशाताईकडे नाव नोंदवा. मॉर्फिन चालू असेल तर ते संपण्याच्या आठवडाभर आधी मंचरला किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात फोन करून मिळते का ते विचारा, नसेल तर वारज्याला किंवा परळला कोण जाणार ते तेव्हाच ठरवा. आणि एक शंभर पानी वही खाटेजवळ ठेवा. गोळी दिल्याची वेळ, झोप लागली का, पोट साफ झाले का, हे सून लिहील. आरोग्यसेविका आली की ती लिहील. डॉक्टर आले तर आधी वही त्यांच्या हातात द्यायची, मग खुर्ची.